पांढऱ्या झाकणांची पिल्ले

सकाळी पाळणाघराचे दार उघडण्याआधी मावशी सगळी फरशी अनवाणी तपासून घेत. भिंतीच्या कडेकडेने, पाय न उचलता, घासत घासत त्या खोलीभर फिरत आणि आदल्या संध्याकाळी निसटलेला एखादा मणी, शर्टाचे बटण, खडूचा तुकडा तळव्याला लागला की वाकून उचलत. जे मोठ्यांच्या डोळ्यांना दिसत नाही ते रांगत्या पोराच्या हाताला नेमके सापडते, हे त्या अनुभवाने जाणून होत्या. मग खिडकीची खालची झडप लावायची, वरची उघडायची. दुधाचे पातेले मागच्या शेगडीवर सरकवायचे. चटया अंथरायच्या त्या दाराकडे डोके येईल अशा, कारण दार दिसत राहिले की नवी मुले झोपत नाहीत, आई येईल म्हणून टक लावून बसतात. मावशींचे यजमान, ज्यांना सगळे काका म्हणत, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी मुलांचे पाण्याचे पेले ओळीने मांडून देत आणि रोज एक पेला मुद्दाम कमी मांडत.

‘आठच मांडलेत. नऊ मुलं आहेत.’

‘तुझं लक्ष आहे की नाही ते बघत होतो.’

‘माझं लक्ष नसतं तर तुमचं काय झालं असतं ते बघा आधी.’

तोवर दारात चपलांचा ढीग होऊ लागे. सर्वांत आधी येई चिमणी. हे तिचे पाळणाघरातले नाव. घरी ती एक घास घेऊन तासभर गालात धरून बसते, म्हणून तिची आई पहिल्या दिवशी रडकुंडीला आली होती. मावशींनी तिला भरवण्याचा प्रयत्न एकदाही केला नाही. त्यांनी तिला फक्त पैलवान नावाच्या खादाड पोराशेजारी बसवले. वाटी समोर आली की पैलवान जुने वैर असल्यासारखा भातावर तुटून पडे. चिमणी आधी त्याच्याकडे बघत राही, मग स्वतःच्या वाटीकडे. आणि थोड्याच दिवसांत तिने आपल्या हाताने भात तोंडात घातला.

‘पोराला भरवायचं नसतं,’ मावशी तिच्या आईला म्हणाल्या होत्या, ‘जेवणाऱ्यांत बसवायचं असतं. एकटं पोर जेवत नाही.’

हे वाक्य त्यांनी इतक्या आयांना ऐकवले होते, आणि ते इतक्यांदा खरे ठरले होते, की त्यावर पुन्हा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

त्या सकाळी चटया अंथरून होत असतानाच सून पाठीवर पिशवी घेऊन बाहेर आली. तिच्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती आणि आठवडाभर तिला माहेरी राहावे लागणार होते. निघताना ती दारात घुटमळली. तिच्या मनात काय आहे हे मावशींना ठाऊक होते. आतल्या लहान खोलीतल्या फळीवर तिची पिल्ले होती.

सून महाविद्यालयात कोळ्यांवर संशोधन करत होती. जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या ज्या कोळ्याला लांडगा कोळी म्हणतात, त्याची एक मादी तिला इमारतीच्या मागच्या झुडपांत सापडली होती. ती तिने बरणीत घालून घरी आणली तेव्हा मावशी चार दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलल्या. ‘लोकांच्या सुना माहेराहून काय काय आणतात,’ एवढेच त्या काकांना म्हणाल्या होत्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. पण मग एके दिवशी बरणीत डोकावून पाहिले तर ती मादी अंड्यांची पांढरी गोळी मागे बांधून फिरत होती, क्षणभरही खाली ठेवत नव्हती. आणि पुढे गोळी फुटली तेव्हा बाजरीच्या कण्यांएवढी पिल्ले एकमेकांना धरून तिच्या पाठीवर चढून बसली. मावशी बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

‘नऊ पोरांत माझी कंबर मोडते,’ त्या म्हणाल्या, ‘आणि ही बघ, पाठीवर अख्खी शाळा घेऊन चाललीय.’

सून त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याशी मोकळेपणाने हसली. मग तिने सगळे समजावून सांगितले. निम्मी पिल्ले ती बारीक कुंचल्याने आईच्या पाठीवरून वेळेआधीच उतरवणार होती, निम्मी आपणहून उतरेपर्यंत तशीच राहू देणार होती, आणि मग दोघांची वाढ कशी होते ते मापणार होती. लवकर उतरवलेल्यांच्या बाटल्यांना पांढरी झाकणे, आपणहून उतरलेल्यांना निळी. प्रत्येक पिल्लू वेगळ्या बाटलीत, प्रत्येक बाटलीवर आकडा.

‘यात मापायचं काय?’ मावशी म्हणाल्या होत्या. ‘आईपासून लवकर ओढलेलं पोर मागे पडणारच. मला विचार.’

‘तुम्हाला विचारलं असं लिहिता येत नाही ना, आई.’

आता दारात घुटमळत ती म्हणाली, ‘आई, पिल्लांना दोन दिवसांआड माश्या घालाल? मैत्रीण येणार होती, पण तिला जमत नाहीये. तुम्हाला त्रास होईल, पण…’

‘त्रास कसला? पोरं सांभाळायचाच धंदा आहे माझा.’

सून त्यांना आत घेऊन गेली. कुजलेल्या केळ्याच्या बरणीत न उडणाऱ्या बारीक माश्या होत्या. एका बाटलीत एकदोन माश्या झटकायच्या, कापूस ओला ठेवायचा, बस. ‘आणि एखाद्याने नाही खाल्लं तर सोडून द्या. माशी तेवढी काढून टाका. ती कात टाकायच्या आधी खात नाहीत. काही अडलं तर फोन करा.’

‘अगं, जा तू. गाडी चुकेल.’

‘काही अडलं तर’ हे शब्द मावशींना थोडे लागले. पण गाडी गेल्यावर त्या पुन्हा आतल्या खोलीत गेल्या आणि त्या चिमुकल्या बाटल्यांच्या रांगांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. सून घरात आल्यापासून तिने त्यांच्यावर सोपवलेली ही पहिली गोष्ट होती.

पहिल्या खेपेला त्यांनी चष्मा लावून, श्वास रोखून प्रत्येक बाटलीत माशी झटकली. बहुतेक पिल्लांनी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झडप घातली. ‘वा रे पैलवान,’ मावशी पुटपुटल्या. पण काही पिल्ले कापसाला चिकटून बसली होती. समोरून माशी फिरत होती, त्यांच्या पायांवरून जात होती, आणि ती ढिम्म हलत नव्हती. मावशींनी माश्या काढल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत खातील म्हणाल्या. संध्याकाळी पाहिले, दुसऱ्या दिवशी पाहिले. तशीच. त्यांतली बरीचशी पांढऱ्या झाकणांची होती, आणि तेच त्यांना जास्त लागले. आईच्या पाठीवरून ओढून काढलेली, एकेकटी, गप्प बसलेली. अशी मुले त्यांनी उभ्या आयुष्यात कमी पाहिली नव्हती.

सुनेने सांगितलेले त्या विसरल्या नव्हत्या. फोन हातात घेऊन त्यांनी दोनदा ठेवून दिला. पहिल्याच दोन दिवसांत फोन करायचा म्हणजे मला जमत नाही असे सांगण्यासारखे होते. आणि पुस्तकातले ज्ञान वेगळे, हाताखालून गेलेली पोरे वेगळी, असेही त्यांच्या मनाने घेतले.

काचेचा एक मोठा पसरट वाडगा होता. त्यांनी त्यात ओला कापूस पसरला, वर पातळ कापड ताणून बांधायची सोय केली आणि न खाणारी सगळी पिल्ले त्यात उतरवली. सोबत दोन चांगली खाणारी, इतरांना बघून शिकायला. आकड्यांचा विचार त्यांच्या मनात आला, नाही असे नाही. पण पिल्लू ते पिल्लू. दोन दिवस जेवणाऱ्यांत बसतील, मग ज्याला त्याला परत घालू, असे त्यांनी स्वतःला समजावले.

त्या दिवशी वाडग्यात टाकलेल्या माश्या संपल्या. पिल्ले जवळजवळ बसली होती. मावशींना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी वीसेक बाटल्या त्यात रिकाम्या केल्या. संध्याकाळी सुनेचा फोन आला.

‘आई, खातायत का?’

‘आता सगळी जेवायला लागली.’

‘खरंच? काय जादू केलीत?’

‘तुझी सासू वीस वर्षं काय करतेय मग,’ मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ एकट्याच हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड सोडले तेव्हा वाडगा मोकळा मोकळा दिसला. त्यांना आधी वाटले, पळाली. त्यांनी कापडाच्या कडा पाहिल्या, फळी पाहिली, जमीन पाहिली. मग चष्मा पुसून पुन्हा आत पाहिले. कापसावर केसांएवढे बारीक पाय पडले होते. एका कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचे एक पिल्लू बसले होते आणि त्याच्या तोंडात दुसरे होते; फिकट, नुकतीच कात टाकलेले, अजून अंग न धरलेले. ते न खाणाऱ्यांपैकी होते. सुनेने सांगितले होते तेच खरे होते. ती उपाशी नव्हती, एकटी पडली म्हणून रुसली नव्हती. ती फक्त आपल्या वेळेची वाट पाहत होती.

बाहेर दाराची कडी वाजली. चिमणीची आई आली होती. मावशींनी वाडग्यावर कापड टाकले, तोंड धुतले आणि दार उघडले. दिवसभर त्यांनी मुलांना खेळवले, भरवले, झोपवले. कुणालाही काही कळले नाही. फक्त जेवणाच्या वेळी चिमणीला पैलवानाशेजारी बसवताना त्यांचा हात थबकला.

मुले गेल्यावर त्यांनी उरलेली पिल्ले कुंचल्याने एकेक करून बाटल्यांत परत घातली. डझनभरच उरली होती. कोणते पांढऱ्या झाकणाचे, कोणते निळ्या, हे आता त्यांचे त्यांना तरी कुठे सांगता येणार होते? इथवर जे झाले ते अडाणीपणाने झाले होते. पण यापुढचे त्यांनी पूर्ण शुद्धीत केले. फळीवरच्या दोन्ही रांगा सारख्याच विरळ दिसतील अशा बेताने त्यांनी बाटल्या निवडल्या. आणि त्यांतही सर्वांत टपोरी, गुटगुटीत पिल्ले त्यांनी वेचून पांढऱ्या झाकणांत घातली. आईपासून लवकर तुटलेली पोरे माझ्या हाताखाली कशी सुधारली, हे सुनेला दिसावे असे त्यांना वाटले. हात चालत होते तेव्हाच आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होते, आणि तरी हात थांबले नाहीत.

सून परतली ती थेट आतल्या खोलीत गेली. मग तिने हाक मारली.

‘आई, इतक्या बाटल्या रिकाम्या?’

‘मेली गं,’ मावशी दारातूनच म्हणाल्या. ‘एकाएकी. मी काढून टाकली.’

‘कधी?’

‘तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.’

‘सगळी एकदम? मग काहीतरी बाहेरचं लागलं असणार त्यांना. धूर, वास, औषध असलं काही?’

काका मागे येऊन उभे होते. त्यांनी घसा खाकरला. ‘मी डासांचं मशीन लावतो ना रात्री. इकडे खोलीचं दार उघडंच असतं.’

सुनेने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर उत्तर सापडल्यासारखे काहीतरी उमटले. मावशींनी तोंड उघडले. खरोखर उघडले. आणि त्यातून आले ते एवढेच, ‘तू आधी हातपाय धुऊन घे.’

त्या दिवसापासून काकांनी ते मशीन लावणे बंद केले. सकाळी त्यांच्या दंडावर, कपाळावर लाल गांधी उठलेल्या असत. दुकानात कुणी विचारले तर ते म्हणत, ‘घरात पाहुणे आहेत, त्यांची पथ्यं पाळतोय.’ सुनेसमोर मात्र ते विनोद करत नसत. येता जाता त्या खोलीच्या दाराशी ते पाऊल हळू टाकत, आणि एकदा त्यांनी तिला विचारले, ‘ती बाईसाहेब नवीन अंडी घालेल का गं? म्हणजे भरपाई होईल काही?’

‘बाबा, सोडा ना. तुम्हाला काय माहीत होतं?’

‘माहीत करून घ्यायला हवं होतं,’ काका म्हणाले.

मावशी स्वयंपाकघरात उभ्या राहून हे ऐकत होत्या. हातातली वाटी त्यांनी पुन्हा धुतली, ती आधीच स्वच्छ होती. लग्नाला इतकी वर्षे झाली, या माणसाला त्या चारचौघांत किती टोचून बोलल्या असतील त्याला सुमार नव्हता; पेले मोजता येत नाहीत इथपासून ते मशीन दुरुस्त करता करता आयुष्य बिघडवलेत इथपर्यंत. पण ते सगळे तोंडावर होते. त्याच्या पाठीमागे, त्याच्या भोळेपणाच्या आडोशाला उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. रात्री काका झोपेत दंड खाजवत आणि त्या कूस बदलून भिंतीकडे तोंड करत.

सुनेचा चांगुलपणा त्याहून जड जात होता. ती आता रोज संध्याकाळी आपणहून त्यांच्याशी बोलायला येई. ‘इतकं सगळं तुमच्या अंगावर टाकून गेले मी. तुम्ही किती जपलंत,’ ती म्हणाली, तेव्हा मावशींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

त्यातच एके दिवशी पैलवान खिडकीच्या कट्ट्यावरून पडला. गुडघा सोलवटला, ओठ फुटला. त्याचे वडील बस कंडक्टर होते. ते घ्यायला आले तेव्हा मावशी नेहमीप्रमाणे दारातच थांबल्या. पोराने सांगण्याआधी आपण सांगायचे, हा त्यांचा पहिल्यापासूनचा शिरस्ता.

‘कट्ट्यावर चढला होता. माझी पाठ होती त्याच्याकडे. चूक माझी आहे.’

कंडक्टरने पोराचा ओठ पाहिला, त्याला खांद्यावर घेतले. ‘पडणारच की हो, माझा मुलगा आहे, सरळ चालेल कसा? पण म्हणून तुमच्याकडे ठेवतो बघा. आधीच्या पाळणाघरात डोक्याला टेंगूळ आलं तर म्हणायचे, येतानाच होतं. तुम्ही लपवत नाही.’

मावशी मान हलवून आत आल्या. दार लावले आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. उरलेली मुले त्यांच्याकडे बघत होती. चिमणीने विचारले, ‘मावशी, तुम्हाला लागलं?’

‘नाही गं.’

‘मग रडताय का?’

‘डोळ्यात कचरा गेला,’ मावशी म्हणाल्या, आणि हेही खोटेच, असे त्यांच्या मनात आले. एकदा सवय लागली की जीभ आपली आपण वळते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सून आतल्या खोलीतून बाहेर आली ती धावतच. तिच्या हातात मापे घ्यायची पट्टी होती, चेहरा फुललेला होता. ‘आई, इकडे या. बाबा, तुम्हीपण.’ तिने पांढऱ्या झाकणाच्या बाटल्या उजेडात धरल्या. ‘ही बघा. आणि आता ही निळ्यातली. दिसतोय फरक?’

पांढऱ्या झाकणाखालची पिल्ले खरोखरच जवळजवळ दीडपट होती.

‘म्हणजे आपण समजत होतो त्याच्या उलट,’ सून म्हणाली. ‘लवकर उतरवलेली पिल्लं जास्त झपाट्यानं वाढतात. इतकी मेली, तरी उरलेल्यांत हे एवढं स्पष्ट दिसतंय. मी आमच्या मार्गदर्शक मॅडमना फोनवर सांगितलं, त्यांचा विश्वासच बसेना. उद्या दुपारी सगळं घेऊन बोलावलंय. त्या म्हणाल्या, हे खरं निघालं तर पुढचं सगळं कामच याच्यावर उभं करू.’ मग ती मावशींकडे वळून हसली. ‘तुम्ही हरलात, आई. पोर मागे पडणारच म्हणत होतात ना!’

‘हरली एकदाची,’ काका म्हणाले. ‘मी इतकी वर्षं प्रयत्न करतोय.’

दोघे हसले. मावशींना हसता आले नाही. त्या पिल्लांच्या पोटांत काय होते हे घरात फक्त त्यांना माहीत होते. आजवर त्यांना वाटत होते की आपण फक्त एक अपघात लपवला आहे. मेलेली मेली, लाज काय ती आपली आपण गिळायची. पण ती पिल्ले रोज वाढत होती, त्यांच्याबरोबर ते खोटेही वाढत होते, आणि उद्या दुपारी ही पोरगी ते हातात धरून चार शहाण्या माणसांसमोर उभी राहणार होती. कधीतरी ते उघडे पडले तर मान तिची खाली जाईल. उघडे पडलेच नाही तर त्याहून वाईट, तिचे आयुष्यभराचे काम त्या वाडग्यावर उभे राहील.

‘बरं वाटत नाहीये का, आई?’ सुनेने विचारले.

‘दमले,’ मावशी म्हणाल्या. त्या क्षणी सांगता आले असते. पण तिच्या चेहऱ्यावरचे ते हसू आपल्या हाताने पुसायचा धीर त्यांना झाला नाही. एवढी एक संध्याकाळ त्यांनी तिची तिला राहू दिली. निदान आपण तिच्यासाठी थांबलो असे त्यांनी मनाला सांगितले, आणि तेही पूर्ण खरे नाही हे त्यांना कळत होते.

सकाळी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. फरशी तपासली नाही, चटया अंथरल्या नाहीत. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांनी मुलांच्या घरी एकामागून एक फोन केले. आज पाळणाघर एक तास उशिरा उघडेल. नाही, तब्येत बरी आहे. घरचे काम आहे. इतक्या वर्षांत असा फोन कधी गेला नव्हता, म्हणून प्रत्येक घरी पलीकडचे माणूस काळजीने चौकशी करी.

काका पेल्यांची रांग लावत होते. ‘ते राहू द्या,’ मावशी म्हणाल्या. ‘आत या जरा. तुम्हीपण ऐकायला हवं.’

सून फळीसमोर उभी राहून बाटल्या खोक्यात भरत होती. मावशींनी स्टूल ओढले, पण बसल्या नाहीत.

‘ती औषधानं मेली नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘ज्यांनी खाल्लं नाही ती मी एकत्र ठेवली. एका वाडग्यात. एकमेकांना बघून जेवतील म्हणून. मग अजून वीसेक घातली. त्यांनी एकमेकांना खाल्लं.’

सुनेच्या हातात एक बाटली होती. ती तिने खाली ठेवली नाही.

‘उरली ती मी अंदाजानं परत भरली. आकडे बघितले नाहीत. कोणतं कुठलं ते मला ओळखता येत नव्हतं. आणि जी मोठी होती,’ इथे त्यांचा आवाज अडखळला, पण त्या थांबल्या नाहीत, ‘ती मी मुद्दाम पांढऱ्या झाकणांत घातली. छान दिसावीत म्हणून. ती मोठी आहेत कारण त्यांनी दुसऱ्यांना खाल्लंय.’

काकांनी आपल्या दंडावरून हात फिरवला.

‘मग मी इतके दिवस डास कशासाठी चावून घेतले?’ त्यांनी विचारले. ते विनोद करत नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

‘माझ्यासाठी,’ मावशी म्हणाल्या. ‘मी बोलले नाही म्हणून.’

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. मग ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत पाठमोरे उभे राहिले. मावशींना वाटले होते ते रागावतील, टोमणा मारतील. त्या पाठीकडे बघणे त्यांना अधिक कठीण गेले.

‘मला कळत नाही ते एवढंच,’ सून शेवटी म्हणाली. ‘चुकलं ते चुकलं. पण मी आले त्या दिवशी विचारलं तुम्हाला. बाबा समोर उभे होते. तेव्हा का नाही सांगितलंत?’

‘लाज वाटली.’

‘आणि कालपर्यंत?’

‘कालपर्यंत जास्त वाटत गेली.’

सुनेच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते पुसायला ती वळली नाही. मग तिने फोन उचलला, मॅडमना लावला आणि सांगितले की आज ती मापे घेऊन येणार नाही, नमुने मिसळले गेले आहेत. पलीकडून काय विचारले गेले ते ऐकू आले नाही. ‘घरी,’ ती म्हणाली. ‘नाही, माझी जबाबदारी होती.’ तिने फोन ठेवला.

‘तुझी नव्हती,’ मावशी म्हणाल्या.

‘बसा,’ सून म्हणाली. तिने सगळ्या बाटल्या खोक्यातून बाहेर काढल्या आणि त्यांच्यासमोर मांडायला सुरुवात केली. ‘वाडग्यात घातलीच नव्हती ती कुठली, हे तरी आठवतंय?’

‘काही आठवतात. सगळी नाही.’

‘नक्की आठवत असेल तेवढंच सांगा. अंदाज नको.’

बाहेर कुणाच्या तरी आईने, निरोप न मिळाल्यामुळे असेल, दार वाजवले. काका उघडायला गेले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. सुनेने पहिली बाटली उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

‘ही?’

‘ही हलवलीच नाही. निळ्या झाकणांच्या रांगेतली पहिली. ही नक्की.’

ती बाटली डावीकडे गेली.

‘ही?’

मावशींनी नीट पाहिले. आत एक टपोरे पिल्लू कापसावर पाय पसरून बसले होते, त्याचे डोळे उजेडात चमकत होते.

‘माहीत नाही,’ त्या म्हणाल्या.

बाटली उजवीकडे गेली.

‘ही?’

‘माहीत नाही.’

सुनेने पुढची बाटली उचलली.